डेली रनिंग किती?

कोपरखैरण्याच्या शोरूममध्ये बिजॉय कुरियन
आधी रंग विचारत नाही.
"डेली रनिंग किती, मॅडम?"

मी बोटांवर मोजते.
पहाटे साडेपाचला घणसोली, सिम्प्लेक्सचं गेट,
मग वाशी, मग सानपाड्याचे ते चॅटर्जीकाका
ज्यांची शीर सापडत नाही
आणि जे माझीच माफी मागतात,
जुईनगर, सीवूड्स,
पारसिक हिलवर दोन घरं उपाशीपोटी ताटकळलेली,
आणि नवाच्या आत सगळ्या नळ्या बेलापूरच्या लॅबमध्ये.
जाऊन येऊन बावन्न.

पांढरीला लायसन्स नको, नंबर नको,
पंचवीसच्या वर ती पळतच नाही.
"ही क्लासच्या मुलांसाठी," बिजॉय म्हणतो आणि पुढे सरकतो.

राखाडी एका चार्जला एकशेवीस.
"कागदावर," तो आवाज उतरवतो,
"रस्त्यावर नव्वद धरा. मागे कुणी बसलं तर ऐंशी.
पारसिक चढायचं म्हणता, तर..."
मी हसते.
उपाशीपोटीची साखर वेगळी, जेवल्यावरची वेगळी,
हे मला कोण शिकवणार?

पण राखाडीची बॅटरी पोटातच बसवलेली
आणि आमच्या पार्किंगमध्ये प्लग नाही.
सेक्रेटरी पिसाळ म्हणाले होते,
"एकीला दिला की अठ्ठेचाळीस जण मागतील."
म्हणजे रोज स्टेशनपलीकडे तासभर
गाडीला सलाईन लावून बसायचं.

निळी साठ जाते, खरी साठ.
पाय सपाट टेकतात, सॅम्पलचा डबा पुढे मावतो,
सीटखालून बॅटरी निघते.
घरी न्या, मोबाईलसारखी लावा.
"बारा किलो. लेडीजला जरा जड पडते."
आणि आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं.

फोनवर प्रणीलचं एकच, पिकअप बघ, ताई, पिकअप.

आण्णा इतका वेळ प्लास्टिकच्या खुर्चीत
पाण्याचा ग्लास धरून बसले होते.
एकतीस वर्षं वाशीच्या मार्केटात, कांदा-बटाटा.
मणक्याचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, आता वजन बंद.
तेव्हापासून आम्ही त्यांच्या हातातून
भाजीची पिशवीसुद्धा काढून घेतो
आणि ते देतात.
गॅलरीत बसून खालचे टेम्पो बघतात,
कुठला किती भरलाय ते पुटपुटतात.

ते उठले. ग्लास टेबलावर ठेवला.
बॅटरीची कडी धरली, उचलली,
या हातातून त्या हातात घेतली,
डोळे मिटल्यासारखे केले.
"बारा न्हाय. अकरा आन् वर थोडं."
बिजॉयने कागद उलटून पाहिला.
अकरा किलो तीनशे.

"आन् हे रोज वर न्यायचं?"
"हो काका, रोज."
"मग हिला कशाला? मी हाय की."

मी पुन्हा बोटं मोजली.
बावन्न आणि साठ, मध्ये फक्त आठ.
वाट चुकायला जागा नाही,
कुणाचा "जरा येता का इकडेही" म्हणून फोन घ्यायला जागा नाही.
हिशोबानं राखाडीच.
एक्स-रे कपाटात आहे, मला तो पाठ आहे.

"निळी," मी म्हणाले.

आता दुपारी दोनला ते गेटाशी उभे असतात.
ही गाडी आवाज करत नाही, कळणार कशी,
म्हणून पावणेदोनलाच खाली येतात.
कडी असून बॅटरी खांद्यावर घेतात.
तिसऱ्या मजल्यावर थांबतात.
मीही दोन पायऱ्या खाली थांबते,
मोबाईल काढते, आलेला नसतो तो मेसेज वाचते.

परवा पारसिकच्या उतारावर
सहा टक्के उरले होते.
घरी सांगितलं नाही.